जुन्या मस्टँगला रॅक-अँड-पिनियन

एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली, तेव्हा तिच्या पुढच्या भागाची ठेवण फाल्कन या साध्या गाडीवरूनच घेतलेली होती; वरच्या आर्मवर बसविलेली कॉइल स्प्रिंग, तिचा भार पेलणारे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर, आणि पिटमन आर्म, आयडलर आर्म व मधली दांडी यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचणारा स्टिअरिंग बॉक्सचा हुकूम, अशी ती व्यवस्था होती. इतक्या सांध्यांतून जाणारा हुकूम प्रत्येक सांध्याच्या झिजेबरोबर शिथिल होत जातो. रॅक-अँड-पिनियनमध्ये मात्र दातेरी चाक दातेरी पट्टीला सरळ डावीउजवीकडे सरकविते. मध्यस्थ बरखास्त होतात, आणि रस्त्याचे वर्तमान तळहाताला तत्काळ कळते, हा आनंद शब्दातीत आहे.

जुन्या मस्टँगला असा रॅक बसविण्याच्या कामी बहुधा १९७४ च्या मस्टँग टू मॉडेलची रचना आधारभूत धरतात, कारण तीत स्प्रिंग खालच्या आर्मवर असते. त्यामुळे शॉक टॉवर कापून मोठ्या इंजिनाला ऐसपैस जागा करता येते. परंतु टॉवर वाहत होते तो भार आता चौकटीच्या पुढील तुळयांवर येतो. म्हणून नवा क्रॉसमेंबर, म्हणजे आडवी तुळई, वेल्ड करण्यापूर्वी त्या तुळया गंजल्या तर नाहीत ना, याची कसून तपासणी व मजबुतीची तजवीज करणे, ही माझ्या मते या प्रकरणातील अव्वल बाब होय. दुसरी बाब बंप स्टिअरची. टाय रॉडचे आतले सांधे आर्मच्या आतल्या सांध्यांशी जुळले नाहीत, तर खड्ड्यात चाक वरखाली होताच गाडी आपोआप दिशा बदलू लागते. त्यासाठी रॅकची लांबी व उंची, दोन्ही काटेकोर साधावी लागतात.