जुन्या पिस्तुलाचा रास्त भाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत वापरलेलं अर्ध-स्वयंचलित पिस्तूल विकणं-घेणं ही रोजची बाब आहे. बंदुकांच्या दुकानात काचेखाली त्यांची रांग असते, लिलावांच्या यादीत ती असतात, महायुद्धावरून परतलेल्या आजोबांच्या कपाटातूनही निघतात. चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं, एवढंच या सगळ्यांत समान. भाव मात्र शंभर डॉलरपासून लाखांच्या पुढे कुठेही असू शकतो.

या भावांबद्दल ठाम मतं बाळगणारे खूप आहेत. त्यांच्या बहुतेक चुका एकाच कारणानं होतात. बाजार दोन आहेत आणि ते एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. वापरणारा विचारतो, हे नीट चालेल का आणि किती काळ? संग्राहक विचारतो, हे कारखान्यातून निघालं तसंच आहे का, आणि अशी आणखी किती शिल्लक आहेत? समोरचं पिस्तूल यांपैकी कोणत्या बाजारातलं आहे हे आधी ठरवलं की अर्धा हिशेब सुटतो.

गैरसमज १ : जितकं जुनं, तितकं महाग.

वस्तुस्थिती : वयाला स्वतःची किंमत नसते. जॉन ब्राउनिंग यांनी रेखाटलेलं .४५ बोअरचं एम१९११ हे पिस्तूल अमेरिकी लष्करानं १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच अधिकृत पिस्तूल राहिलं. दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की एम१९११ए१ ही सुधारित आवृत्ती बनवण्याचं काम भलत्याच कारखान्यांकडे गेलं. टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं सुमारे पावणेनऊ लाख पिस्तुलं केली. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनं सुमारे ५५ हजार केली. आणि आपल्या घराघरांत शिलाई मशीनमुळे माहीत असलेल्या सिंगर कंपनीनं केली फक्त ५००.

तिन्ही पिस्तुलांचा आराखडा एक, काळही जवळपास एकच. तरीही अस्सल सिंगर लिलावात लाखाच्या पुढच्या डॉलरांना जातं, तर त्याच अवस्थेतलं रेमिंग्टन रँड त्याच्या छोट्याशा अंशात मिळतं. फरक फक्त संख्येचा आहे. भाव इतका चढला की नकलाही निघतात, म्हणून सिंगरचं नाव कोरलेलं पिस्तूल दिसलं की जाणकार आधी संशय घेतो आणि मग पैशांचं बोलतो. याच्या उलट टोकाला १९७० आणि ८० च्या दशकांत कॅलिफोर्नियात जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेली छोटी स्वस्त पिस्तुलं आहेत. त्यांना चाळीस वर्षं उलटून गेली, पण भाव वर गेला नाही.

गैरसमज २ : पॉलिश आणि नवा रंग दिला की चार पैसे जास्त मिळतात.

वस्तुस्थिती : संग्राहकाच्या बाजारात असं केल्यानं मोल पडतं, आणि कित्येकदा निम्म्यावर येतं. पोलादाचा मूळ निळसर थर कडांवर झिजलेला असतो, पण तो मूळ असतो. बफिंगच्या चाकावर चढवलेल्या पिस्तुलाच्या कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. मग वरचा थर कितीही चकचकीत असो, गेलेला पुरावा परत येत नाही.

अवस्था मोजायला अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशननं रूढ केलेल्या श्रेण्या वापरतात. त्यांत ‘उत्कृष्ट’ म्हणजे अगदी कमी वापरलेलं, ज्याचा निळसर थर नळीचं तोंड आणि धारदार कडा सोडल्यास अखंड आहे असं. ‘चांगलं’ म्हणजे सुरक्षित चालणारं, किरकोळ झिजलेलं, एकही भाग न तुटलेलं. आधुनिक आणि जुन्या शस्त्रांसाठी या श्रेण्यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. त्यामुळे विकणारा नुसतं ‘चांगलं’ म्हणाला तर कोणत्या मापानं, हे विचारून घ्यावं.

याला एक अपवाद आहे. लष्करानं स्वतःच्या शस्त्रागारात दुरुस्त करून नवा थर दिलेली पिस्तुलं असतात आणि त्यांवर त्या शस्त्रागाराच्या आद्याक्षरांचा शिक्का असतो. ती कारखान्याच्या मूळ अवस्थेतल्या पिस्तुलापेक्षा स्वस्त असली तरी गल्लीतल्या दुकानात रंगवलेल्यापेक्षा वरचढ ठरतात, कारण ही दुरुस्ती पिस्तुलाच्या लष्करी नोकरीचाच भाग होती. ज्याला पिस्तूल फक्त नेमबाजीच्या सरावाला हवं आहे, त्याला मात्र मूळ थराशी काही देणंघेणं नाही. गंज थांबला की त्याचं काम झालं.

गैरसमज ३ : सगळं नीट चालतंय, मग सुटे भाग कुठलेही असोत.

वस्तुस्थिती : जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या बाबतीत हे वाक्य फार महाग पडतं. ल्यूगरच्या मुख्य भागांवर क्रमांक असतो आणि लहानसहान भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. हे भाग कारखान्यात एकमेकांशी जुळवून बसवलेले असत. सगळे आकडे जुळले तर तो एक भाव, एखादा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला तर दुसरा, आणि बराच खाली.

एम१९११ची गोष्ट वेगळी आहे. कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही पिस्तुलात बसावा हीच लष्कराची अट होती, आणि युद्धकाळात क्रमांक साधारणतः फक्त फ्रेमवर टाकला जाई. साफसफाईच्या वेळी पिस्तुलं एकत्र उघडली आणि हाताला येतील ते भाग जोडले, असं सर्रास घडलं. म्हणून रेमिंग्टन रँडच्या फ्रेमवर कोल्ट या दुसऱ्या उत्पादकाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) दिसली तर ती फसवणूकच असेल असं नाही. भाव मात्र सरमिसळीचाच द्यावा.

गैरसमज ४ : पोलिसांनी वापरलेलं म्हणजे झिजून गेलेलं.

वस्तुस्थिती : बहुतेक पोलिसांचं पिस्तूल गोळ्यांपेक्षा म्यानात जास्त घासतं. वर्षानुवर्षं कमरेला असल्यानं स्लाइडच्या कडा पांढऱ्या पडतात, पण गोळ्या सुटतात त्या बहुधा ठरावीक सरावापुरत्या. बाहेरून रया गेलेलं आणि आतून जवळपास नवं असं पिस्तूल वापरणाऱ्याला हवंच असतं.

अशा पिस्तुलांचा पूर आला त्याला एक इतिहास आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर अधिक जोरदार काडतुसाचा शोध सुरू झाला. आधी १० मिमी निवडलं गेलं, आणि १९९० मध्ये त्याचंच आखूड रूप असलेलं .४० स्मिथ अँड वेसन आलं. अमेरिकेतल्या पोलीस दलांनी ते झपाट्यानं उचललं. पुढे ९ मिमीच्या गोळ्या सुधारल्या. त्यांचा धक्का कमी, मॅगझिनमध्ये मावतात जास्त, आणि पडतातही स्वस्त. एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळली, तिच्यामागे इतर दलं वळली आणि .४० बोअरची पिस्तुलं नव्यांच्या बदल्यात व्यापाऱ्यांकडे परत गेली. आज .४० बोअरचं वापरलेलं ग्लॉक २२ स्वस्त मिळतं त्याला दर्जा नव्हे, ही माघार कारण आहे. विकत घेणाऱ्यानं मात्र काडतुसांचा पुढचा खर्चही हिशेबात धरावा.

झीज पाहायची तर पांढऱ्या कडांकडे नव्हे, नेमक्या जागी पाहावी. नळीच्या आतले पीळ स्वच्छ दिसतात का, नळीला कुठे फुगवट्याचं कडं आलं आहे का, स्लाइडवर बारीक तडा आहे का, हे महत्त्वाचं. स्प्रिंग हा झिजण्यासाठीच असलेला, थोडक्या पैशांत बदलता येणारा भाग आहे. तिच्यासाठी सौदा मोडू नये, पण तिचे पैसे वजा करून घ्यावेत.

गैरसमज ५ : वर जेवढं लावलं, तेवढं किमतीत धरायचं.

वस्तुस्थिती : मालकानं हौसेनं लावलेला नवा चाप, वेगळी मूठ, कोरीव काम, यांतला फार थोडा खर्च परत मिळतो. वापरणाऱ्याला दुसऱ्यानं छेडलेल्या चापाची धास्ती वाटते आणि संग्राहकाला मूळ भाग हवा असतो. म्हणून शहाणा विक्रेता काढलेले मूळ भाग जपून ठेवतो आणि सोबत देतो.

अंधारात चमकणाऱ्या साइट्सचं उदाहरण बोलकं आहे. त्यांत ट्रिटियम वायू असतो आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. बारा वर्षांपूर्वीच्या साइट्समध्ये निम्माच ट्रिटियम उरलेला असतो, आणि चोवीस वर्षांनी पाव. त्या बसवल्या तेव्हाची किंमत आज मागणाऱ्याला हे गणित नम्रपणे सांगावं. मूळ डबा, कागद आणि जादा मॅगझिन यांचे मात्र रोख पैसे मिळतात. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलचं मॅगझिन वेगळं विकत घ्यायला गेलं की ते का, ते कळतं.

गैरसमज ६ : जाहिरातीत दिसतो तोच बाजारभाव.

वस्तुस्थिती : जाहिरातीत दिसते ती मागणाऱ्याची इच्छा. भाव कळतो तो पार पडलेल्या सौद्यांतून. गनब्रोकरसारख्या संकेतस्थळांवर संपलेल्या लिलावांच्या बोली पाहता येतात. ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ हे भावांचं पुस्तकही अनेक दुकानांत असतं. ते दिशा दाखवायला चांगलं, पण छापील आकडा आजच्या तेजी-मंदीमागे धावत नाही. मोठ्या लिलावगृहात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन वेगळं चढतं, हेही तुलना करताना लक्षात ठेवावं. आणि दुकानदार रोख पैसे देऊन विकत घेतो तेव्हा तो काचेखालच्या चिठ्ठीपेक्षा बराच कमी भाव देणार. दुकानाचं भाडं, पडून राहिलेला माल आणि नफा त्याला त्यातूनच काढायचा असतो.

सरकारशी संबंधित भावही बाजारभाव नसतो. अमेरिकी संसदेच्या परवानगीनं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेनं २०१८ मध्ये लष्कराकडची एम१९११ पिस्तुलं नागरिकांना विकायला काढली. तीन श्रेण्या होत्या आणि भाव अनुक्रमे १,०५०, ९५० आणि ८५० डॉलर. अर्ज इतके आले की क्रम सोडतीनं लावावा लागला. रांग लागते तिथे भाव मुद्दाम कमी ठेवलेला आहे असं समजावं. त्याच संस्थेनं निवडक पिस्तुलं लिलावात मांडली, तेव्हा बोली या आकड्यांच्या बऱ्याच वर गेल्या.

गैरसमज ७ : मागे कहाणी असली की किंमत वाढते.

वस्तुस्थिती : ‘जर्मन अधिकाऱ्याकडून जप्त केलेलं’ हे वाक्य बोलायला काहीच खर्च येत नाही. तेव्हा विकत घ्यायची ती वस्तू, गोष्ट नव्हे, असं अमेरिकी संग्राहक एकमेकांना बजावत असतात. कागद असेल तर चित्र बदलतं. युद्धावरून शस्त्र घरी आणणाऱ्या सैनिकाला वरिष्ठाच्या सहीचा दाखला मिळे. त्यावर पिस्तुलाचा क्रमांक असेल आणि तो जुळत असेल, तर जादा पैसे योग्यच आहेत. कोल्ट कंपनी तर शुल्क घेऊन आपल्या दप्तरातून पत्र देते, की अमुक क्रमांकाचं पिस्तूल कोणत्या तारखेला आणि कुठे रवाना झालं.

गैरसमज ८ : तेच पिस्तूल, तर भावही सगळीकडे तोच.

वस्तुस्थिती : भाव ठरवण्यात कायद्याचा हात मोठा असतो. कॅलिफोर्नियात दुकानदार नवी पिस्तुलं विकू शकतो ती राज्याच्या मंजूर यादीतली. २०१३ पासून नव्या मॉडेलसाठी अशी तांत्रिक अट आली की पुढची जवळपास दहा वर्षं नवी अर्ध-स्वयंचलित पिस्तुलं यादीत येणं थांबलंच. पण यादीबाहेरचं पिस्तूल एका नागरिकानं दुसऱ्याला परवानाधारक दुकानदारामार्फत विकणं कायदेशीर राहिलं. परिणाम असा की शेजारच्या राज्यात नवं ज्या भावात मिळे, त्याहून जास्त भाव तिथे वापरलेल्याला येऊ लागला.

भारतात हाच हात सर्वांत जड आहे. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर असल्यानं नागरिकाला पिस्तूल मिळतं ते मुख्यतः .३२ बोअरचं. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वॉल्थर किंवा वेब्ली अँड स्कॉट हातोहात फिरत राहतात आणि त्यांचा भाव काही लाखांत जातो. अमेरिकेत त्याच जातीची पिस्तुलं काही शे डॉलरना मिळतात. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते सोडावं लागलं.

आजोबांचं पिस्तूल वाड्यात सापडलं म्हणून ते वारसाला विकता येत नाही. परवान्याशिवाय जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे आणि त्याला दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. प्रतिबंधित बोअर असेल तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. परवानाधारकालाही दुसऱ्याला शस्त्र द्यायचं तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. कागद नसलेलं पिस्तूल कितीही स्वस्त सांगितलं, तरी त्याला रास्त भाव असा नसतो.

मग हिशेब मांडायचा कसा?

आधी बाजार ठरवा, वापराचा की संग्रहाचा. मग त्याच मॉडेलचे, त्याच अवस्थेतले, अलीकडे पार पडलेले सौदे पाहा आणि सर्वांत चढा व सर्वांत पडता आकडा बाजूला ठेवा. वापराचं असेल तर उरलेल्या सरासरीतून स्प्रिंग, मॅगझिन आणि विझत चाललेल्या साइट्सचे पैसे वजा करा. संग्रहाचं असेल तर मूळ थर, जुळणारे आकडे आणि कागद यांचे पैसे चढवा किंवा उतरवा. शेवटी हस्तांतराचा खर्च मिळवा. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायचं तर परवानाधारक दुकानदार मध्ये लागतोच, आणि तो आपली फी घेतो. इतकं करून आलेला आकडा विकणाऱ्याच्या मागणीपासून फार दूर असेल, तर त्याला फरक कशाचा आहे ते विचारा. त्याच्याकडे दाखवायला कागद असेल तर तो आकडा बदलू शकतो. नसेल, तर तुमचाच आकडा खरा धरून चाला.