मच्छीमार संस्थेचा कारभार आणि सभासदांचे अधिकार

मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी, १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक गावतलाव शासनाकडे गेले आणि त्यांतील मासेमारीचे ठेके पुढे ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना मिळू लागले. ठेक्याची रक्कम, मत्स्यबीजाची खरेदी आणि मासळीची विक्री यांचे निर्णय संचालक मंडळ, म्हणजे सभासदांनी निवडलेली समिती, घेत असले तरी संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडेच असते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घेऊन लेखापरीक्षित, म्हणजे त्रयस्थाने तपासलेले, हिशेब तिच्यापुढे ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे. कलम ३२ मात्र सर्वांत मोलाचे, कारण ताळेबंद, सभासद नोंदवही आणि सभांचे इतिवृत्त विनामूल्य पाहण्याचा हक्क ते प्रत्येक सभासदाला देते. उत्पन्न तलावातून रोखीने निघते तेथे असा कागदच गरीब सभासदाचा खरा आधार ठरतो. एक-पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवरून विशेष सभाही बोलवावी लागते. सप्टेंबरअखेरच्या सभेआधीच सभासदांनी हे कागद मागून वाचावेत.