राजप्रतिमा आणि नामलेख : नेमरुत व नाणेघाट

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी ज्या पैठणवरून येते, ते सातवाहनांचे प्रतिष्ठान होय. या राजकुलाच्या प्रतिमा मात्र जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेल्या होत्या. त्यांचे महत्त्व ध्यानात येण्यास साधारणतः त्याच काळातील एका ग्रीक परंपरेच्या राजसमाधीशी तुलना उपयुक्त ठरते.

तुर्कस्तानातील नेमरुत पर्वतावर कोम्मागेनीचा राजा पहिला अँटिओकस याने इ. स. पू. पहिल्या शतकात आपले समाधिस्थान उभारले. दगडांच्या तुकड्यांची सुमारे ५० मीटर उंचीची टेकडी, तिच्या पूर्व व पश्चिम अंगांस देवांच्या आणि राजाच्या प्रचंड आसनस्थ मूर्ती, आणि पूर्वजांच्या उठावशिल्पांच्या रांगा, अशी तेथील रचना आहे. पितृकुल इराणी सम्राट दारयवहूपर्यंत, तर मातृकुल मॅसिडोनियन राजांपर्यंत नेलेले आहे. पूर्वजांची नावे शिळांच्या पाठीवर ग्रीक भाषेत कोरलेली आहेत. मूर्तींची मस्तके आज खाली पडली असून राजाची दफनकोठडी सापडलेली नाही.

नाणेघाटाचे लेणे समाधी नव्हे. ते राजकुलाचे स्मारक होय. मागील भिंतीवर आठ प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु वरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत नामलेखांपैकी बरेच वाचता येतात. त्यांतील विभक्तिभेद लक्षणीय आहे. ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’ येथे प्रथमा आहे. म्हणजे ‘हा राजा सिमुक’ असा निर्देश. ‘देवि-नायनिकाय रञो च सिरि-सातकनिनो’ येथे षष्ठी आहे. म्हणजे ‘राणी नायनिका व राजा सातकर्णी यांची’, अर्थात प्रतिमा. पतिपत्नींस एकच लेख असून त्यात राणीचे नाव आधी येते. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखात यज्ञ व दाने यांची गणना आहे आणि तो लेख सामान्यतः याच राणीचा मानला जातो, हे येथे स्मरणीय आहे.

भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात भरताला प्रतिमागृहातील पूर्वजांची ओळख तेथील देवकुलिकाच्या तोंडून होते. नाणेघाटात असा सांगणारा कोणी उरलेला नाही. ते कार्य अक्षरे करीत आहेत. नामलेख नसते, तर पावलांच्या त्या खुणा कोणाच्या, हे सांगता आले नसते. म्हणून शिल्प व लेख यांचा अभ्यास वेगळा न करता एकत्रच करावयास हवा. आणि शिल्प गेले म्हणून उरलेल्या अक्षरांच्या जतनाची हेळसांड होता कामा नये. ती झिजली, तर त्या प्रतिमा दुसऱ्यांदा नष्ट होतील.