भावाची गिटार आणि चार अवजारे

संगीताशी माझा संबंध रेडिओचा कान पिळण्यापलीकडे कधी आला नाही. घरात वाजवणारा होता तो माझा धाकटा भाऊ. तो गेल्यावर त्याची गिटार आमच्या येरवड्याच्या घरात माळ्यावर पडून राहिली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीने ती खाली काढली, पुसली, नव्या तारा चढवल्या आणि छेडून पाहिली. पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तसा आवाज आला.

"आजोबा, हिचे फ्रेट गेलेत," ती म्हणाली.

सतारीच्या दांडीवरचे आडवे पडदे आपल्या परिचयाचे. गिटारचे फ्रेट म्हणजे तेच. फरक एवढाच, की सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला, कानाला पटेल तसा सरकवता येणारा. आणि गिटारचा लाकडाच्या खाचेत कायमचा ठोकलेला. तो बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. नावात चांदी, पण आत तांबे, जस्त आणि निकेल! पोलादी तार त्यावर वर्षानुवर्षे दाबली म्हणजे खळगा पडतो, तार खाली बसते आणि पुढच्या पडद्याला घासून झणझणते. मी भिंग लावून पाहिले. पहिल्या तीन पडद्यांवर बारीक तारांखाली चांगले खोल खळगे होते. पुढे जवळजवळ काही नाही. भावाची बोटे कुठे फिरत असत याचा तो नकाशाच होता.

दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले, "काका, एवढ्या मजुरीत नवी येईल." हिशेब बरोबर होता, पण मला नवी नको होती. तेव्हा हे काम आपणच करावे अशी मला बुद्धी झाली. निवृत्त माणसाला अशा बुद्धी फार होतात.

पहिला प्रश्न अवजारांचा. नातीने परदेशी दुकानांच्या याद्या दाखवल्या. पडदा उपटायला एक अवजार, खाच साफ करायला दुसरे, तार वाकवायला तिसरे, टोके कापायला चौथे. सगळ्यांची बेरीज गिटारच्या किमतीपुढे गेली. त्या वेळी मला मिरज आठवली. फार वर्षांपूर्वी तिथे एका कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिले होते. त्याच्यापुढे पोत्यावर मोजून चार-पाच कानशी, मुठी हाताळून काळ्या झालेल्या. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी म्यानात गेल्या तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे लोक वाद्यांकडे वळले. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गंमत अशी, की तो कारागीर घोडी घासून तारेत झणकार आणत होता आणि मला घासून तो घालवायचा होता. कानस मात्र दोघांची एकच.

शिवाय येरवड्याला अवजारांचे थोडे वळण आहेच. पेटीत मावणारा चरखा गांधीजींनी इथल्याच तुरुंगात असताना आकाराला आणला. त्याचे नावच 'येरवडा चक्र' पडले. तेव्हा ठरवले, जे अवजार मोजमापाला भिडते त्यावर पैसे टाकायचे. बाकीचे घरी जमवायचे.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अर्धा दिवस गेला. आधी पोलादी पट्टी हवी होती. पट्टी सरळच असते असा माझाही समज होता! दोन पट्ट्या कडेला कड लावून उजेडात धरल्या तर मधून उजेड दिसला. म्हणजे त्यांतली एक तरी वाकडी. पाच-सहा पट्ट्या अशा आलटूनपालटून पाहिल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, पट्टी घेताय की जावई?" शेवटी एक सरळ निघाली. मग लहान पितळी तोंडाची हातोडी घेतली, कारण लोखंडी हातोडीचे वळ नव्या पडद्यावर उठतात. बारीक दातांची तिकोनी कानस घेतली. तिच्या तिन्ही धारा सहाणेवर घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे पडद्याला घासताना ती शेजारच्या लाकडाला ओरखडे काढत नाही. आणि चौथी पक्कड, तोंडाने आडवी कापणारी. तिच्या ओठांना बाहेरून उतार असतो, त्यामुळे ती पडद्याखाली शिरत नाही. हा उतार चाकावर घासून सपाट करून घेतला. मधूनमधून पाण्यात बुडवत, नाहीतर तापून पोलादाचे पाणी उतरते.

बाकीचे फुकटात किंवा किरकोळीत. आरसेवाल्याकडे जाड काचेची एक हातभर पट्टी उरली होती. आजची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, म्हणून ती इतकी सपाट. तिला पॉलिशपेपर चिकटवला की झाला रंधा. सोल्डरिंगची कांडी घरात होतीच.

सुताराकडून शिसवीचा तुकडा आणून त्यावर आधी पाच पडदे ठोकून पाहिले. दोन बसले, तीन उचलले गेले. मग कळले, की तार पट्टीच्या गोलाईहून किंचित जास्त वाकवून घ्यायची आणि आधी दोन्ही टोके, मग मध्य ठोकायचा.

खऱ्या गिटारवर पहिला पडदा काढताना हात अडला. हे खळगे भावाच्या बोटांचे, आणि तेच मी उपटणार होतो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नको वाटत असेल तर राहू दे." राहू दिले असते तर गिटार पुन्हा माळ्यावर गेली असती. मी कांडी तापवली.

पडदा कांडीने गरम करायचा, म्हणजे खाचेतला जुना गोंद सुटतो. मग पक्कड एका टोकाला लावून हलकेच मिटायची. खिळ्यासारखे उपटायचे नाही. तीन पडदे सुरेख निघाले. चौथ्याला मी घाईने कांडी लावलीच नाही. नखाएवढी ढलपी उडाली! आजोबा-नात बॅटरी घेऊन फरशीवर रांगत होतो. ढलपी सापडली, झटपट गोंदाने बसवली. अजूनही दिसते.

नव्या खाचा पाडायच्या नव्हत्या, हे नशीब. त्यांची जागा गणिताची असते. तारेची लांबी ६५० मिलीमीटर धरली तर पहिला पडदा ३६.५ वर, बारावा बरोबर ३२५ वर. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत जायचे. दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी १५८१ च्या ग्रंथात अठराने भागायचा सोपा नियम दिला होता. त्याने बाराव्या पडद्यापाशी दोन मिलीमीटरांहून जास्त चूक पडते.

वीस पडदे बसले, तरी खरे काम पुढेच असते. आधी दांडीतली सळई फिरवून दांडी सरळ केली. प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर काळी शाई लावली आणि काचेचा रंधा तारांच्या दिशेने फिरवला. जो पडदा उंच, त्याची शाई आधी जाते. सगळ्यांची शाई एकसारखी जाईपर्यंत, आणि त्यापुढे एक हातही नाही. यात माथे चपटे होतात. चपट्या माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही आणि सूर ढळतो. म्हणून तिकोनी कानशीने दोन्ही अंगांनी घासून ते पुन्हा गोल करायचे, मध्ये शाईची केसाएवढी रेघ ठेवून. लाकडावर कागदी चिकटपट्टी लावली होती. वीस पडद्यांना तीन संध्याकाळी लागल्या. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढे दिवस जेवणाचे टेबल सोडून दिले, ही मोठीच मेहेरबानी.

जुने पडदे टाकले नाहीत. एका पुठ्ठ्यावर क्रमाने दोऱ्याने बांधून ठेवलेत. परवा नात त्यांवरून नख फिरवत होती. मग गिटार घेऊन तिने खळगे होते तिथे तिथे बोटे ठेवून पाहिली. "धाकटे आजोबा जी आणि डी फार वाजवायचे," ती म्हणाली, आणि दोन्ही वाजवून दाखवले. आवाज स्वच्छ आला.

चौदाव्या पडद्यावर एक तार अजून किंचित खरखरते. तिथवर ती शिकायला पोचलेली नाही. पोचायच्या आत तो मी पुन्हा घासणार आहे.