जंगलाचा सरकारी भाव

कोलकाता विद्यापीठातील प्रा. तारकमोहन दास यांनी 1979 मध्ये एका झाडाचा हिशेब मांडला. पन्नास टनांचे झाड पन्नास वर्षे जगले, तर त्याची किंमत 15 लाख 70 हजार रुपये. प्राणवायू, हवेची शुद्धी, जमिनीची धूप थांबवणे, पाण्याचे चक्र, पाखरांचा आसरा अशी एकेक बाब लावून त्यांनी बेरीज केली होती. लाकूड, फळे, फुले तीत धरलीच नव्हती. हा आकडा पुढे वृक्षारोपणाच्या भाषणांत अखंड फिरत राहिला. भाषण संपले की मात्र तो कोणत्या ताळेबंदात लिहायचा, हे कोणालाच सांगता येत नसे.

कारण त्याच काळात ताळेबंदात लिहिला जाणारा भाव अगदी वेगळा होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात कर्नाटकातील बांबूचा अभ्यास करत होते. तिथे कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत होता, आणि खुल्या बाजारात त्याच बांबूला हजारावर भाव होता. टोपल्या विणणाऱ्या बुरडाने बाजारभाव द्यायचा आणि गिरणीने दीड रुपया, याला औद्योगिक विकास म्हणत. माल जवळजवळ फुकट आल्यावर तो जपून कोण वापरणार? बांबूची बने भराभर संपली, आणि गिरणीच्या नफ्याची नोंद देशाच्या उत्पन्नात रीतसर झाली.

धरणे, खाणी, शेती, वसाहती यांसाठी 1980 पूर्वी दरवर्षी साधारण दीड लाख हेक्टर वनजमीन ‘वळती’ होत असे. वनखात्याचा हा शब्द मोठा सोज्वळ आहे. जंगल नुसते वळून दुसऱ्या रस्त्याला लागले असे वाटते. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने राज्यांचा हात धरला, केंद्राची परवानगी सक्तीची झाली आणि वेग बराच कमी झाला. तोवर किमतीचा प्रश्न आलाच नव्हता. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिल्लीकडे गेला, इतकेच.

किंमत आली ती न्यायालयातून. गोदावर्मन थिरुमुलपाद यांनी 1995 मध्ये निलगिरीतील तोडीविरुद्ध केलेली याचिका पुढे देशभरच्या जंगलांचा खटला बनली. त्यात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वनजमीन घेणाऱ्याने पर्यायी झाडे लावण्याचा खर्च तर द्यावाच, शिवाय त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे एनपीव्ही, भरावे. दर हेक्टरी 5 लाख 80 हजार ते 9 लाख 20 हजार. 2005 च्या निकालात तत्त्व पक्के झाले, दिल्लीच्या अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने पद्धत सुचवली, आणि 28 मार्च 2008 रोजी सुधारित दर ठरले: जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी 4 लाख 38 हजार ते 10 लाख 43 हजार. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट.

कल्पना म्हणून ही मोठी झेप होती, हे मान्यच केले पाहिजे. जंगल म्हणजे नुसते लाकूड नव्हे. ते पाणी धरते, कार्बन साठवते, गावाला चारा आणि सरपण देते, हे एका गरीब देशाच्या न्यायालयाने रुपयांत मांडले. पण हेक्टरचा आकडा आपल्याला उमगत नाही, म्हणून आपल्या अंगवळणी पडलेल्या मापात तो बसवून पाहा. सर्वांत दाट, सर्वांत मोलाच्या जंगलाचा 2008 चा दर 10 लाख 43 हजार, म्हणजे चौरस फुटाला दहा रुपयेही नव्हते. पुण्यात तेवढ्या जागेत लावलेली एक फरशीही त्या भावात येत नाही. दुसरी गोम मुदतीत होती. मूल्य काढताना जंगलाकडून वीस वर्षांत मिळणारे लाभच धरले. सागाचे झाड तोडणीला यायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. हिशेबात जंगल मात्र वीस वर्षांत आटपले. हे दर तीन-तीन वर्षांनी तपासायचे ठरले होते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत मधू वर्मा यांनी त्यासाठी नवे, कितीतरी चढे दर सुचवलेही. प्रत्यक्ष वाढ जानेवारी 2022 मध्ये झाली, तीही घाऊक किंमत निर्देशांक लावून, जवळपास दीडपट.

मग पैशांचे काय झाले? पर्यायी वनीकरणाच्या निधीच्या, म्हणजे ‘कॅम्पा’च्या, खात्यात रक्कम साचत गेली. महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात 2006 ते 2012 या वर्षांचा पंचनामा केला. वनजमिनीच्या बदल्यात 1 लाख 3 हजार हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती; मिळाली 28 हजार. तिच्यावर झाडे लागली ती सुमारे 7,280 हेक्टरवर. 2016 मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी 27 राज्यांना 47,436 कोटी रुपये दिले. त्या समारंभात हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला गेला. एवढी रक्कम जमायला किती जंगल जावे लागले असेल, हा हिशेब त्या दिवशी कोणी मांडला नाही.

याच्या समांतर दुसरी कहाणी राष्ट्रीय उत्पन्नाची. जंगल तोडले की लाकडाची विक्री, ठेकेदाराचे बिल, खाणीतला माल हे सगळे जीडीपीत मिळवले जाते. पुढे रोपे लावायची मजुरीही मिळवली जाते. वजाबाकी कुठेच होत नाही. कार्टर ब्रँडन आणि कर्स्टन होमन यांनी जागतिक बँकेसाठी 1995 मध्ये अंदाज केला, की 1992 मध्ये पर्यावरणाच्या हानीपायी भारताचे साडेचार टक्के उत्पन्न बुडाले. बँकेच्याच 2013 च्या अहवालात 2009 साठी हे प्रमाण 5.7 टक्के निघाले, रुपयांत पावणेचार लाख कोटी. म्हणजे वाढीच्या दराचा मोठा वाटा नुसत्या झिजेनेच खाल्ला. त्या दरम्यान तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 2015 पर्यंत ‘हरित जीडीपी’ देण्याचे बोलून दाखवले. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या गटाने 2013 मध्ये त्याचा आराखडा दिला: उत्पन्न नव्हे, संपत्ती मोजा, माती, पाणी, जंगल या भांडवलात किती घट झाली ते दाखवा. सांख्यिकी कार्यालय 2018 पासून ‘एन्व्हीस्टॅट्स’ या अहवालात जंगल-पाण्याचे तक्ते छापते. तिमाही जीडीपीच्या बातमीत त्यातले काही येत नाही.

मला वाटते, गडबड इथेच आहे. आकडा वाटेतला अडथळा काढत असेल तर तो लगेच लागू होतो; अडथळा होऊ लागला की अभ्यासाच्या कपाटात जातो. नियामगिरीत हे उघडे पडले. ओडिशातील या डोंगरावर बॉक्साइट काढण्यासाठी 660 हेक्टर वनजमीन हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वाट मोकळी केली ती काही रकमांच्या अटीवर: एनपीव्हीचे 55 कोटी, वन्यजीव आराखड्याला 50 कोटी 53 लाख, आदिवासी विकासाला 12 कोटी 20 लाख, आणि वार्षिक नफ्याच्या पाच टक्के किंवा दहा कोटी, यांतील जास्त असेल ते. सगळे कसे रीतसर. राहिला तो डोंगरिया कोंध आदिवासींचा नियाम राजा, त्यांचा देव, जो त्याच डोंगरावर राहतो. त्याच्यासाठी सूत्रात जागा नव्हती. 2010 मध्ये केंद्राने परवानगी नाकारली, आणि 18 एप्रिल 2013 रोजी न्यायालयानेच निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा पाड्यांत जिल्हा न्यायाधीशांसमोर सभा झाल्या. बाराही सभांनी नकार दिला. रकमेवर घासाघीस झालीच नाही, कारण विकायचेच नव्हते.

पण ‘विकायचे नाही’ हेच एकमेव उत्तर आहे असेही नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गवत की झाड, वाहतूक परवाना कोणी द्यायचा, यावरून वनखाते अडून बसले होते. एप्रिल 2011 मध्ये जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग गावाने बांबू स्वतः विकला, बाजारभावाने. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर इथे कोणतेही गुंतागुंतीचे मूल्यांकन नव्हते. ज्यांना पुढच्या वर्षीही त्याच बनात जायचे आहे, त्यांच्या हाती विक्री आली. गिरणीच्या दीड रुपयाला इतके सरळ उत्तर कोणत्याही समितीने दिलेले नाही.

2021 मध्ये झाडाचा आकडा पुन्हा एकदा चर्चेत आला. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 झाडे जाणार होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने, जीत वर्ध्याचे सोहम पंड्याही होते, झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये गुणिले वय असे सांगितले. शंभरी ओलांडलेले झाड एक कोटीवर जाऊ शकते. यातील 45,000 रुपये निव्वळ प्राणवायूचे, आणि इथे मला समितीचीही बाजू घेता येत नाही. हवेत 21 टक्के प्राणवायू आहे, त्याची टंचाई नाही. शिवाय झाड कुजताना किंवा जळताना तो परत घेते. सिलिंडरच्या भावाने तो मोजला की आकडा फुगतो आणि विरोधकाला हसायला जागा मिळते. दास यांच्या हिशेबातही हाच कच्चा दुवा होता. न्यायालयाने हे सूत्र लागू केले नाही, दुसरी समिती नेमली. 2023 मध्ये झाडे तोडायला वाट मोकळी झाली.

ऑक्टोबर 2022 मध्ये ग्रेट निकोबार बेटावरील प्रकल्पासाठी 130 चौरस किलोमीटर वर्षावन देण्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली. सरकारी अंदाजाने झाडे साडेनऊ लाखांवर. पर्यायी वनीकरण हरियाणात करायचे ठरले, त्या बेटापासून हजारो किलोमीटर दूर, रखरखीत प्रदेशात. नियमात ते बसते. हेक्टरला हेक्टर भरले की झाले. बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प, हरियाणातील खड्डे खणण्याची मजुरी हे सगळे आता येत्या वर्षांच्या जीडीपीत जमा होत जाईल. वजा काय करायचे, त्याचा रकाना दासगुप्तांच्या 2013 च्या अहवालात आखून दिलेला आहे.