तिकीट पाकिटावरच राहू द्या

(द्वितीय वर्ष, कला)

टपालतिकिटे जमविण्याचा छंद आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना केलेला असतो. त्याची रीतही बहुतेकांना ठाऊक आहे. आलेल्या पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कापायचा, तो वाटीभर पाण्यात टाकायचा, डिंक सुटला की तिकीट अलगद सोलून वर्तमानपत्रावर वाळत घालायचे, आणि उरलेले पाकीट चुलीत! मीही हेच केले. असे करताना आपण काही गमावीत आहोत, अशी शंकादेखील मनाला शिवली नाही.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात तिकिटांविषयीचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती लागले. त्यात सुट्या तिकिटांपेक्षा मळक्या, दुमडलेल्या, शिक्के बसलेल्या पाकिटांचीच चित्रे अधिक होती. तिकीट लावून टपालातून प्रत्यक्ष गेलेल्या अशा अखंड पाकिटाला संग्राहक ‘कव्हर’ म्हणतात. तेच तिकीट सुटे असले तर त्याची किंमत थोडी आणि कव्हरवर असले तर कितीतरी अधिक, असे त्या पुस्तकात जागोजागी आढळले. असे का असावे? या प्रश्नाचे उत्तर मला अमेरिकेच्या पहिल्या दातेरी तिकिटांच्या हकीकतीत सापडले. तीच येथे थोडक्यात सांगतो. ही तिकिटे मी प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, आणि विकत घेण्याची तर गोष्टच नको. पण ज्ञानाला पैसे पडत नाहीत.

दाते आले कोठून?

अमेरिकेने देशभर चालणारी पहिली तिकिटे १ जुलै १८४७ रोजी काढली. फ्रँकलिनच्या चित्राचे तिकीट पाच सेंटचे होते आणि वॉशिंग्टनच्या चित्राचे दहा सेंटचे. या तिकिटांना दाते नव्हते. सपाट ताव यायचा आणि पोस्टमास्तर किंवा गिऱ्हाईक कात्रीने एकेक तिकीट कापून घ्यायचे. घाई असली की कात्री चित्रावरूनच जायची.

यावर पहिला उपाय इंग्लंडात निघाला. हेन्री आर्चर या आयरिश गृहस्थाने तिकिटांच्या मधल्या जागेत ओळीने बारीक भोके पाडणारे यंत्र तयार केले. ब्रिटिश सरकारने १८५३ साली त्याचे हक्क ४००० पौंडांना विकत घेतले आणि १८५४ मध्ये तेथे दातेरी तिकिटे नियमितपणे निघू लागली. अमेरिकेत त्या वेळी तिकिटे छापण्याचे काम फिलाडेल्फियाच्या टोपन, कार्पेंटर या कंपनीकडे होते. तिने इंग्लंडातील डर्बी गावच्या बेमरोज कंपनीचे यंत्र मागविले. ते मुळात कागदाला चिरा देणारे होते. त्यात फेरफार करून भोके पाडण्याची सोय केली, आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये अमेरिकेची पहिली सरकारी दातेरी तिकिटे टपालकचेऱ्यांत आली.

गमतीची गोष्ट म्हणजे, याच्या थोडे आधी शिकागो येथे हॅडले नावाच्या एका माणसाने स्वतःच्या यंत्राने काही तावांना दाते पाडून दाखविले होते. हा हॅडले पेशाने दंतवैद्य होता! सरकारने त्याचे यंत्र घेतले नाही. पण त्या यंत्रातून निघालेली एक आणि तीन सेंटची तिकिटे काही लोकांनी पत्रांवर लावली. अशी ‘शिकागो दात्यां’ची कव्हर आज अत्यंत दुर्मिळ मानली जातात.

जागा नव्हती, म्हणून चित्र बदलले

दाते पाडायचे तर दोन तिकिटांच्या मध्ये जागा हवी. पण छपाईच्या पोलादी प्लेटा दाते नसलेल्या तिकिटांसाठी कोरलेल्या होत्या, आणि त्यांत तिकिटे अगदी खेटून बसविली होती. परिणाम असा झाला की भोके चित्रात घुसू लागली. चारही बाजूंनी चित्र सुटे राहिलेले, मधोमध बसलेले तिकीट त्या काळात फार थोडे निघाले. आजही असे तिकीट मिळाले की संग्राहक खूष होतात, याचे कारण हेच.

तीन सेंटच्या तिकिटावर कंपनीने एक तोड काढली. वॉशिंग्टनच्या चित्राभोवतीच्या चौकटीची वरची आणि खालची रेघ नव्या प्लेटांवरून काढून टाकली, म्हणजे भोकांना थोडी जागा झाली. चौकट पूर्ण असलेले दातेरी तिकीट थोडेच दिवस निघाले, म्हणून ते दुर्मिळ. वरची-खालची रेघ नसलेले पुष्कळ निघाले, म्हणून ते स्वस्त. एका रेघेने एवढा फरक पडतो.

या प्लेटांवर दोनशे-दोनशे तिकिटे असत आणि पुष्कळ रेघा कारागिराने हाताने पुन्हा कोरलेल्या असत. त्यामुळे कोणतीही दोन तिकिटे अगदी तंतोतंत सारखी नसतात. डॉ. कॅरोल चेस यांनी हजारो तिकिटे भिंगाखाली ताडून, कोणते तिकीट कोणत्या प्लेटेवर कोणत्या जागी होते हे ठरविले आणि १९२९ साली तीन सेंटच्या या एकाच तिकिटावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका तिकिटावर एक ग्रंथ! आपण परीक्षेच्या आदल्या रात्री एका प्रकरणाला कंटाळतो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पाकीट काय सांगते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सुटे तिकीट पाहून ते कोणते, एवढेच कळते. पाकीट पाहून ते काय करीत होते हे कळते.

त्या काळचे दर पाहा. १८५१ पासून अर्ध्या औंसाचे पत्र, टपाल आगाऊ भरले तर, तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंटांत जाई. १८५५ पासून तीन हजार मैलांच्या पलीकडे दहा सेंट पडू लागले. म्हणजे कॅलिफोर्नियात सोने शोधायला गेलेल्या मुलाला न्यूयॉर्कहून आईने पत्र लिहिले, की त्यावर दहा सेंटचे हिरवे तिकीट. इंग्लंडला चोवीस सेंट. चोवीसचे तिकीट १८६० मध्ये निघाले. त्याआधी बहुधा बारा-बारा सेंटची दोन काळी तिकिटे शेजारी शेजारी चिकटवीत. सुटी झाली की ती नुसती दोन काळी तिकिटे उरतात. पाकिटावर त्यांचा समुद्रप्रवास दिसतो.

तारखेची गोष्ट तर याहून महत्त्वाची. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन शिक्क्यांत गाव, महिना आणि दिवस असे, वर्ष नसे. मग ‘१४ मार्च’ असा शिक्का असलेले पत्र कोणत्या सालचे? येथे दाते उपयोगी पडतात. तिकिटाला सरकारी दाते असतील तर पत्र फेब्रुवारी १८५७ पूर्वीचे नाही. दाते मोजले आणि दोन सेंटिमीटरांत सुमारे पंधरा भरले, तर ते १८५७ ते १८६१ या काळातील छपाईचे; बारा भरले तर त्यानंतरचे. त्यात पुन्हा प्लेट कोणती हे कळले की साल आणखी नेमके होते. भोकांच्या एका ओळीवरून पत्राचे वर्ष काढता येते, पण केव्हा? तिकीट त्या पत्राच्या पाकिटावर असेल तेव्हाच.

तिकीटबंदी

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि तेथील टपालकचेऱ्यांत जुन्या तिकिटांचे मोठे साठे राहिले. ती तिकिटे उत्तरेत विकून शत्रू पैसा उभा करील, अशी भीती सरकारला वाटली. म्हणून ऑगस्ट १८६१ पासून नव्या चित्रांची तिकिटे काढून जुनी रद्द करण्यात आली. लोकांना थोड्या दिवसांची मुदत देऊन जुनी तिकिटे बदलून दिली. आपल्याकडच्या २०१६ सालच्या नोटाबंदीची आठवण करून देणारा हा प्रकार! मुदतीनंतर कोणी जुने तिकीट लावलेच, तर काही कचेऱ्यांत ‘जुनी तिकिटे चालत नाहीत’ अशा अर्थाचा शिक्का मारून टपालखर्च पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत. असे नाकारलेले तिकीट आणि तो शिक्का एकत्र असलेली पाकिटे आज आवर्जून जमविली जातात. तिकीट पाण्यात सोडवले असते तर त्या युद्धाची ही खूण नाहीशी झाली असती.

या बंदीचा सर्वांत मोठा परिणाम नव्वद सेंटच्या निळ्या तिकिटावर झाला. ते निघाले १८६० मध्ये आणि रद्द झाले १८६१ मध्ये. नव्वद सेंट लागतील एवढे जड, दूरदेशीचे पत्र मुळात कितीजण पाठविणार? त्यामुळे कोरी तिकिटे बरीच शिल्लक राहिली. वापरलेली मात्र थोडी, आणि पाकिटावरची तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एरवी कोरी वस्तू महाग आणि वापरलेली स्वस्त असते. येथे सगळे उलटे आहे.

जेथे उलटा भाव तेथे लबाडी आलीच. कोऱ्या तिकिटावर खोटा शिक्का मारणे, बिनदात्याच्या तिकिटाला मागाहून दाते पाडणे, दुसऱ्याच जुन्या पाकिटावर तिकीट चिकटविणे, हे सारे झालेले आहे. म्हणून जाणकार प्रथम पाहतात, की शिक्क्याची शाई तिकिटावरून सलग पाकिटाच्या कागदावर उतरली आहे काय. मग दर जुळतो काय, त्या गावचा शिक्का त्या काळी तसाच होता काय, आत पत्र असल्यास त्याची तारीख जुळते काय, हे तपासतात. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे हे काम आहे. न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन ही संस्था १९४५ पासून असे दाखले देत आली आहे.

एक पाकीट कलकत्त्याचे

या साऱ्या प्रकारात एका पाकिटाचा आपल्या देशाशी संबंध आहे. ते थोड्या पुढच्या काळातले. १८६९ साली अमेरिकेने लिंकनच्या चित्राचे नव्वद सेंटचे दुरंगी तिकीट काढले. ते लावलेले एकच पाकीट जगात माहीत आहे. १८७३ मध्ये बोस्टनहून निघालेल्या त्या पाकिटावर पत्ता आहे : आइस हाउस, कलकत्ता. त्या काळी मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने हिंदुस्थानात येत असे. कलकत्त्याला तो पहिल्यांदा १८३३ मध्ये आला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. बर्फाच्या व्यापाऱ्याला गेलेले हे जड पत्र, आणि त्यावर एकूण एक डॉलर बारा सेंटची तिकिटे.

१९६७ साली हे पाकीट इंडियानापोलिस येथील एका संग्राहकाच्या घरातून चोरीस गेले. २००६ मध्ये ते शिकागोत पुन्हा उजेडात आले आणि नंतर लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. लिंकनची तशी सुटी तिकिटे पुष्कळांकडे आहेत. किंमत आली ती पत्त्याला, शिक्क्यांना आणि त्या प्रवासाला.

माझे पाकीट

हे वाचून झाल्यावर मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांना लिहिता येत नसे. खोलीतला कोणीतरी पत्र लिहून देई आणि ते गावी येई. आजीने ती पत्रे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. सहावीत असताना मी ती पेटी उघडली, सर्व पाकिटांवरची तिकिटे कापली आणि पाकिटे टाकून दिली. आजी काही बोलली नाही. शिकणारे पोर काहीतरी शाळेचे करते आहे, असे तिला वाटले.

त्यातल्या एका पत्रात लिहिले आहे, “काम बंद आहे. या महिन्यात पैसे येणार नाहीत. काळजी करू नये.” पत्रावर तारीख नाही. आजी म्हणते, हे १९८२ च्या संपातले, त्यानंतर ते गावीच आले. थोरले चुलते म्हणतात, नाही, हे त्याच्या बऱ्याच आधीचे. तेव्हाही एकदा काम बंद होते. घरात वाचता येणारा मी. दोघेही माझ्याकडे पाहतात. पाकिटावरच्या शिक्क्यात त्याचे उत्तर होते. माझ्या वहीत ती तिकिटे आजही नीट चिकटवलेली आहेत; प्रत्येकावर शिक्क्याचा एकेक तुकडा आहे, आणि त्यातले कोणते तिकीट कोणत्या पत्राचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मित्रहो, घरातल्या पेटीत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात जुनी पाकिटे सापडली तर एवढेच करा. तिकीट काढू नका. पाकिटावर पेनने काही लिहू नका. आतले पत्र त्याच पाकिटात राहू द्या आणि ओल लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. ती पाकिटे बाजारात विकली जाणार नाहीत कदाचित. पण आपल्या घरी कोणी इतिहास लिहून ठेवलेला नसतो. जो आहे तो टपालखात्याने शिक्का मारून आपल्या दारात आणून दिलेला असतो.