पाडव्याची गाठी

पाडव्याच्या दिवशी गुढी कधी उतरते आणि साखरेची गाठी कधी हातात पडते, याचीच मी लहानपणी वाट पाहायचो. ती करण्याची रीत साधी. लाकडी साच्यात दोरा ठेवून साखरेचा पक्का पाक ओततात; निवला की पदकांची माळ तयार!

पण आम्हा बीडकरांना साखरेची दुसरीही चव ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास इथली हजारो जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’. कारखान्याचा पट्टा पडला, की पाडव्याच्या आगेमागे ती परततात. फडावर सोबत नेलेल्या लेकरांची शाळा मात्र बुडते. त्यांच्यासाठी २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. लेकरू शाळेत टिकलं, तरच गाठी खरी गोड!